भिंतीवरचं वाक्य माझं होतं

मास्तर,

मी अकोल्याला पोचलो तेव्हा तुमच्या अस्थी सावडून दोन दिवस झाले होते. चार दिवसांच्या तापानं गेलात, एवढंच मला बडनेऱ्याच्या स्टेशनावर एका ओळखीच्या माणसानं सांगितलं आणि मी होतो तसा पुढच्या गाडीत बसलो. मोर्णा नदीच्या काठी, स्मशानात जाऊन आलो. तिथं बघायला काही उरलं नव्हतं. मग तुमच्या घरी गेलो.

वहिनींनी गडूभर पाणी दिलं. "उमरावतीहून कोनी येईन असं वाटलं नव्हतं," त्या म्हणाल्या. मग समोर बसल्या आणि म्हणाल्या, "एक इचारू का भाऊ? तिथं लोकं यायले लबाड म्हनत, असं माया कानावर आलं होतं. मी यायले इचारलं तं हे हासले नुसते. तुमी तं तिथंच होते. काहून म्हनत?"

मी म्हणालो, "नाही वहिनी. मास्तर लबाड नव्हते."

त्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. 'काहून' विचारलं होतं त्यांनी, आणि त्याचं उत्तर माझ्याजवळ होतं. पुरतं उत्तर जगात आता फक्त माझ्याजवळच होतं. मी गडू खाली ठेवला आणि गाडीची वेळ झाली म्हणून उठलो. गाडीला तीन तास होते. ते तीन तास मी अकोल्याच्या स्टेशनावर एका बाकावर काढले, आणि तिथंच ठरवलं की जे तुम्हाला तोंडानं सांगता आलं नाही ते लिहून काढायचं. ज्या वाक्यापायी तुमची अमरावतीतली शाळा गेली, तुमच्या नावाला बट्टा लागला, ते वाक्य माझं होतं. आधी एवढं लिहून टाकतो. लिहिलं नाही तर पुढच्या पानापर्यंत माझा धीर टिकेल याची मलाच खात्री नाही.

पण तुम्ही शिकवलंत तसंच सांगायला हवं. पहिलं आधी, दुसरं मागून.

तुम्ही आमच्या बाजारात आलात तेव्हा मी चाळिशी ओलांडली होती आणि तुम्ही तिशीच्या आतले होतात. तरी पहिल्या दिवसापासून मी तुम्हाला मास्तर म्हणालो आणि तुम्ही मला बापूराव. मी मापारी. काट्यावर उभं राहून लोकांचा कापूस तोलायचा आणि वजन ओरडून सांगायचं, यातच वीस वर्षं गेलेली. माझं बोलणं शेतकरी खरं मानत. मापाऱ्याजवळ दुसरं असतंच काय? तेव्हा अमेरिकेत लढाई जुंपली होती, तिथला कापूस विलायतेला जात नव्हता, आणि विलायतेनं आमच्या काळ्या मातीकडे तोंड वळवलं होतं. ज्या कापसाला तोवर बेताचाच भाव येत होता, त्याच्यासाठी मुंबईचे दलाल आणि गोरे साहेब अमरावतीत ठाण मांडून बसले. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आल्या. आणि प्रत्येकाला वाटू लागलं की चार शब्द इंग्रजीचे आले तर आपलंही भलं होईल.

एका व्यापाऱ्यानं तुम्हाला गोदामाची ओसरी दिली. तुम्ही तिच्या भिंतीला काजळ आणि डिंक कालवून फासलं, आणि तो झाला आपला फळा. उजेड रस्त्याकडूनच येत होता, म्हणून ती भिंतही रस्त्याकडे तोंड करून होती. दुपारी काटा थांबला की आम्ही येत असू. कोणी एक वाजता, कोणी तीन वाजता. त्यासाठी तुमचा एक नेम होता: लिहिलेलं दुसऱ्या दिवसाच्या पाठापर्यंत पुसायचं नाही. जो उशिरा येईल त्यालाही ते उतरवून घेता आलं पाहिजे. किती साधी, किती चांगली गोष्ट होती ती! आणि त्याच नेमानं तुमचा घात केला.

बाकीचे लोक इंग्रजी शिकवताना 'हा बैल आहे, ती गाय आहे' इथून सुरुवात करत. तुम्ही 'उद्या'पासून केलीत. मी विचारलं होतं, "मास्तर, आदी आजचं तं शिकवा, उद्याचं मंग पाहू."

तुम्ही म्हणालात, "बापूराव, बैल हाय हे सांगाले इंग्रजी कायले पाह्यजे? बैल दिसून राह्यला. मानसाले भाषा लागते ते जे दिसत नाई त्याच्यासाठी. तुमच्या बाजारात सकाळपासून कान देऊन उभा हावो मी. सारे उद्याचंच बोलून राह्यले."

मग तुम्ही तुमची गोष्ट सांगितलीत. रिद्धपुराजवळच्या खेड्यातले तुम्ही. शाळा अशी पाहिलेली नव्हती. रेल्वेची लाइन आखायला एक साहेब आला होता, त्याच्यामागं मोजणीची साखळी धरून दोन वर्षं हिंडलात. "त्याच्या तोंडात सारं उद्याचंच. इथून लाइन जाईन. इथं पूल होईन. नाल्यात पानी नाई, पुलाचा पत्ता नाई, आन हा म्हनते होईन. पयले मले वाटे, येडा हाय. मंग ध्यानात आलं, हा बोलते आन लिवून ठेवते, आन लिवलं तसं करते. तवा म्या ठरवलं, ह्या मानसाची उद्याची भाषा शिकाची." तुमचा इंग्रजीवर जीव जडला तो साहेबाचा रुबाब बघून नव्हे, लाइनीच्या खुणेसाठी माळावर रोवलेल्या एका झेंडीपायी. हे मला त्या दिवशीच कळलं आणि त्या दिवशीच तुम्ही मला मोठे वाटू लागलात.

इंग्रजीत उद्या एक नसतो, उद्याच्या तऱ्हा असतात, हे तुमच्याकडून शिकलो. एकदा समोरच्या गोदामात एक हमाल फळीवरून कापसाची गाठ चढवत होता. त्याचा पाय घसरला, गाठ कलली. तुम्ही खडू घेऊन उठलात. "पाहा, पाहा! हा पडला नाई अजून, पन पडनं सुरू झालं. जमिनीपावतर पोचाचं राह्यलं फक्त. असं डोयापुढं येऊन राह्यलं की इंग्रजीत नुसतं 'विल' नाई म्हनत. इथं 'गोइंग टू' लागते."

तिकडून हमाल ओरडला, "मास्तर, इंग्रजी मागून शिकवजा, आदी हात लावा!"

आपण सगळे धावलो. गाठ सावरल्यावर तुम्ही त्याच हमालाला ओसरीत बसवून पाणी पाजलंत, आणि त्याच्याकडून तेच वाक्य म्हणून घेतलंत. तो महिनाभर बाजारात कोणी अडखळलं की 'गोइंग टू, गोइंग टू' ओरडायचा.

आणि केशव माळी आठवतो का? छावणीतल्या साहेबांकडे वांगी, मुळे, कोथिंबीर पोचवायचा. तो इंग्रजीत 'उद्या आणीन' म्हणायला शिकला आणि आठवड्यात रडत आला. "मास्तर, हे तुमचं 'विल' परत घ्या. मराठीत उद्या आनतो म्हनलं तं कोनी वाट पाहत नाई. आता त्या खानसाम्यानं आयकलं आन सकायपासून दारात उभा! आनावंच लागते बाप्पा. इंग्रजीत लबाडी जमतच नाई." तुम्ही पोट धरून हसलात, तुमच्याबरोबर तोही हसला आणि आम्हीही. पण हसणं थांबल्यावर त्याला म्हणालात, "मंग मराठीतबी तसंच बोल. भाषेचा काय दोष?" केशवच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं, माझ्याही.

सगळ्यात माझं मन बसलं ते तुमच्या त्या लांबलचक वाक्यावर. तुम्ही म्हणालात, इंग्रज माणूस मनानं पुढच्या दिवाळीला जाऊन उभा राहू शकतो आणि तिथून मागं वळून पाहू शकतो. "पुढच्या दिवाळीपावतर बापूरावनं हे पुस्तक वाचून टाकलं असंन." मी ते तुमच्या तोंडून पुन्हा एकदा म्हणवून घेतलं. चाळिशी उलटलेल्या मापाऱ्याकडे आजवर कोणी असं पाहिलं नव्हतं, की याच्या हातून एक गोष्ट पुरी झालेली आहे. मला तर लोक मी काट्यावर उभा असेपर्यंतच ओळखत. काट्यावरून उतरलो की कोणी ओळखतही नसे.

आता सखाराम पाटलाचं लिहितो. बडनेऱ्याकडचा हा मोठा शेतकरी, चांगल्या काळ्या रानाचा धनी, स्वभावानं सरळ. येता-जाता तो आपल्या ओसरीशी गाडी थांबवत असे. त्याला शिकायचं नव्हतं, बघायला आवडे. तुम्ही एकदा त्याला विचारलंत, "पाटील, औंदा कपाशी कशी हाय?"

"हाय देवाच्या मनात."

"आमी तं आयकलं लय मस्त हाय. किती होईन?"

पाटलानं तोंडावर हात ठेवला. "मास्तर, उभ्या पिकाचं तोंडानं बोलू नये. बोंडाकडं बोटबी दाखवू नये. घरी येईन तवा येईन."

ही आमची रीतच. माझी आईही असंच म्हणे. तुम्ही त्या रीतीची थट्टा केली नाहीत, तिच्याशी भांडलात. पाटील गेल्यावर तासभर आपला वाद झाला. तुमचं म्हणणं, जो उद्याचं बोलतच नाही तो उद्यासाठी काही करूही शकत नाही. माझं म्हणणं, बोलून ठेवलेलं मोडलं की माणूस दुप्पट मोडतो, म्हणून गप्प राहिलेलं बरं. तुम्ही म्हणालात, "हे तुमी भीतीपायी बोलून राह्यले, बापूराव." मी रागावून घरी गेलो. तो वाद संपला नाही. पुढं अकोल्यातही संपला नाही.

तो राग मनात असतानाच, उन्हाळ्यात एका पाठाला तुम्ही नेहमीप्रमाणं म्हणालात, ज्याला जे बोलायची निकड असेल ते वाक्य द्या. केशवनं पालेभाजीचं दिलं. दुसऱ्या कोणी पाहुण्याचं दिलं. माझी पाळी आली. मी म्हणालो, "पुढच्या बाजाराले कापसाचा भाव चढीन." आमच्या रीतीविरुद्ध आहे हे ठाऊक असूनच म्हणालो. तुमच्याशी भांडलो होतो ना, मी भित्रा नाही हे तुम्हाला दाखवायचं होतं. तुम्ही वळून माझ्याकडे पाहिलंत आणि हसलात. "शाबास!" म्हणालात, आणि ते इंग्रजीत भिंतीवर काढलंत. मोठं, ठसठशीत, तुमच्या त्या उजवीकडे झुकणाऱ्या अक्षरात. तुमच्या नेमानुसार ते तिथंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. उन्हाळा चढलेला, शेवटच्या वेचणीचा कापूस. गाड्यांची रांग ओसरीच्या पुढून काट्यापर्यंत आलेली. पाटलाची गाडी भिंतीसमोर अडकली. त्यानं मला हाक मारली.

"ओ मापारी! तू शिकून राह्यला ना? काय लिवलं हाय रे हे?"

आजूबाजूचे दहा-पंधरा गाडीवाले माझ्याकडे बघू लागले. मास्तर, तुमच्यापुढं आता लपवण्यात काय अर्थ? तो माझ्या आयुष्यातला पहिला क्षण होता, जेव्हा लोक माझ्या तोंडून वजनापेक्षा दुसरं काही ऐकायला थांबले होते. मी घसा साफ केला. भिंतीशी जाऊन एकेका शब्दावर बोट ठेवत इंग्रजीत मोठ्यानं वाचलं. मग मराठीत अर्थ सांगितला: पुढच्या बाजाराला कापसाचा भाव चढेल.

पाटलानं विचारलं, "मुंबईहून भावाची तार आली काय?"

आणि मी मान हलवली.

त्यानंतर गेली दोन वर्षं मी स्वतःला सांगत आलो की ती मान नुसती हलली. होकाराची नव्हती, ऐकतोय एवढ्याच अर्थानं हलली. तसं नाही. ती होकाराची होती. 'हा आमचा पाठ आहे, पाटील, हे वाक्य मीच दिलंय' एवढं म्हणायला श्वासभर वेळ पुरला असता. पण मग मी पुन्हा नुसता मापारी झालो असतो.

पाटलानं गाडी वळवली. त्याच्यामागं दुसरी, मग तिसरी. जो माणूस स्वतःच्या उभ्या पिकाबद्दल अवाक्षर बोलत नव्हता, त्यानं भिंतीचं ऐकलं. मला तेव्हा नवल वाटलं. आता वाटत नाही. आमच्या मुलखात तोवर इंग्रजीत काय आलं होतं? हुकूम, जाहीरनामे आणि भाव. इंग्रजीत लिहिलंय आणि ते खरं नाही, असं आम्ही कोणी पाहिलंच नव्हतं. पाठातलं, सरावाचं, उगीच लिहिलेलं असं एखादं इंग्रजी वाक्य असू शकतं, हे वऱ्हाडात तेव्हा तुम्हाला आणि तुमच्या आम्हा दहा-बारा शिष्यांनाच ठाऊक होतं. त्यातला एक मी होतो. म्हणूनच माझा गुन्हा पाटलाच्या भोळेपणापेक्षा मोठा.

पुढच्या बाजाराच्या आदल्या दिवशी खरी तार आली. अमेरिकेतली लढाई संपली. भाव बसला. पाटलाचा कापूस अर्ध्या किमतीत गेला. तो बुडाला नाही, पण गावासाठी खोदायला घेतलेली विहीर अर्धीच राहिली. आणि ते लोक ओसरीवर आले.

"मास्तर, भाव कोठी चढला?"

तुम्हाला काहीच ठाऊक नव्हतं. भिंतीवर तेव्हा नवा पाठ होता. पाटलानं तिकडे हात केला. "त्या भिंतीवर तुमीच लिवलं होतं ना?"

"हो. अक्षर मायंच."

"कोनाच्या सांगन्यावरून?"

तुम्ही आमच्याकडे पाहिलंत. मी त्या घोळक्यातच उभा होतो. आता तुम्ही माझं नाव घेणार असं मला वाटलं, आणि खरं सांगू, घेतलं असतंत तर बरं झालं असतं. तुम्ही म्हणालात, "कोनाच्याबी नाई. शिकवन्यासाठी लिवलं. वाक्य मायं हाय."

"शिकवन्यासाठी खोटं लिवते मानूस?"

"खोटं नाई, पाटील. सराव."

"सराव पयलवान करते," पाटील म्हणाला. "लिवन्याचा कायचा सराव?" लोक हसले, पण ते हसू वाईट होतं. मग तो माझ्याकडे वळला. "मापारी, तुया तोंडून आयकलं आमी. सांग तू."

मी म्हणालो, "जे लिवलं होतं, तेच मी वाचलं."

मास्तर, त्यात एक शब्दही खोटा नव्हता. एवढं खरं बोलून एखाद्या माणसाचा गळा कापता येतो हे मला त्या दिवशी कळलं. आणि तुम्ही काय केलंत? त्या सगळ्या गोंगाटात माझ्याकडे वळून, भर लोकांत म्हणालात, "बापूरावनं बरोबर वाचलं. अर्थ सांगन्यात एक अक्षर चुकलं नाई." लोक तुम्हाला लबाड म्हणत होते आणि तुम्ही विद्यार्थ्याचा पाठ तपासत होतात! कोणीतरी शेणाचा गोळा भिंतीवर मारला. दुसऱ्या दिवशी व्यापाऱ्यानं ओसरी परत मागितली. आठ दिवसांत तुम्ही अकोल्याला गेलात. निघताना मी बैलगाडीपर्यंत आलो होतो. तुमची पुस्तकांची पेटी मी चढवून दिली. त्यापेक्षा जास्त काही केलं नाही.

रूळ बडनेऱ्याला आले, गाडी सुरू झाली, तेव्हा मी पहिला प्रवास अकोल्याचा केला. खिडकीतून तो माळ पाहिला, जिथं तुम्ही साखळी ओढत हिंडला होतात. पूल होता. खाली पाणीही होतं. मी तुम्हाला हे सांगितलं तर तुम्ही लहान मुलासारखे खूश झालात. "म्हनलं होतं ना? होईन म्हनलं होतं!"

अकोल्यात तुमची शाळा पुन्हा उभी राहिली होती. पुन्हा भिंत, पुन्हा काजळ, आणि सुरुवात पुन्हा उद्यापासूनच. फरक एवढाच की भिंतीच्या वरच्या अंगाला मराठीत, बाळबोध अक्षरांत लिहिलं होतं: 'हा सराव आहे, बातमी नव्हे. भाव पाहिजे असल्यास तारघरात जावे.' रस्त्यानं जाणारे ते वाचून हसत. तुम्हीही हसत होतात. मला हसता आलं नाही.

मी म्हणालो, "मास्तर, हे उद्याचं प्रकरण सोडून द्या. आजचं शिकवा, कालचं शिकवा."

"काहून? भाव पडला म्हनून उद्या पडला काय, बापूराव?" तुम्ही म्हणालात. "आन त्या लोकांची चूक काय झाली? लिवलेल्यावर भरोसा ठेवला. भरोसा ठेवनं वाईट नाई. सरावाचं पयलं वाक्य मुलखात म्या लिवलं. मंग पयला मारबी मलेच बसनार ना? पुढच्याले नाई बसनार."

मी दोनदा अकोल्याला आलो आणि दोन्ही वेळा ही कबुली द्यायलाच आलो. पहिल्या वेळी तुमचे विद्यार्थी बसलेले होते. त्यांच्यापुढं तुम्ही माझी ओळख करून दिलीत: "हे बापूराव. माया पयला इद्यार्थी, ज्यानं भर रस्त्यात इंग्रजी वाचून लोकांले अर्थ सांगतला." ती बिचारी पोरं माझ्याकडे आदरानं बघू लागली. दुसऱ्या वेळी आपण दोघंच होतो. मी सुरुवात केली, "मास्तर, त्या दिवशी पाटलानं मले इचारलं तवा..." तुम्ही मध्येच म्हणालात, "कसं वाचलं होतं तुमी? मी तं तिथं नव्हतो. वाचून दाखवा ना एकदा." आणि मी वाचून दाखवलं. पाठ होतं मला. तुम्ही डोळे मिटून ऐकलंत, एका शब्दावरचा माझा जोर सुधारलात, आणि म्हणालात, "लय झकास." त्यानंतर मान हलवल्याचं कसं सांगणार होतो मी?

तुम्हाला ते ठाऊक होतं का, हे आता मला कधीच कळणार नाही. कधी वाटतं, ठाऊक होतं, म्हणूनच मला बोलू दिलं नाहीत. पण ही मी माझी सोय बघतो आहे. माझा अंदाज आहे की तुम्हाला ठाऊक नव्हतं. तुमच्या मनात माझ्याबद्दल जे चांगलं होतं ते तुम्ही खरं समजून घेऊन गेलात. ते मी परत करू शकत नाही.

पण लोकांच्या मनात तुमच्याबद्दल जे वाईट राहिलं, ते अजून इथंच आहे. ते काढता येतं. वहिनींना मी परवा जाऊन सगळं सांगणार आहे. गाडी सकाळची आहे, तीही ठरली आहे. पण बाजाराच्या तोंडी तुम्ही लबाड असताना मी तुमच्या घरात बसून तुम्ही खरे होतात म्हणालो, तर त्याला काय किंमत? म्हणून आधी बाजार.

इथवर काल लिहिलं. आज बाजार होता.

काटा लावायच्या आधी मी त्याच फळकुटावर उभा राहिलो, जिथून वजन ओरडतो. गाड्या आल्या होत्या. पाटील आपल्या गाडीच्या धुरीवर बसला होता. मी म्हणालो, "आयका. इंग्रजीचे मास्तर अकोल्याले वारले." दोन-चार जणांनी हळहळ केली. कोणीतरी म्हणालं, "तो भाववाला?" मग मी सांगितलं. वाक्य मी दिलं होतं. मास्तरांनी शिकवायला लिहिलं होतं. तार आली नव्हती, आणि पाटलानं विचारलं तेव्हा मी होकाराची मान हलवली.

पाटील उतरून फळकुटाजवळ आला. त्याचे केस आता पार पांढरे झालेत.

"दोन वर्सं झाले, मापारी."

"हो."

"तो जित्ता होता तवा काहून नाई बोलला?"

"हिंमत नाई झाली, पाटील."

"अन आता तो मेला तं झाली." तो थुंकला. माझ्यावर नव्हे, बाजूला, पण माझ्यासाठीच. "माई ईर अर्धी राह्यली त्याचं मले काई नाई. पन म्या त्या मानसाले भर रस्त्यात लबाड म्हनलं. माया तोंडाले चिखल लावला तुनं." तो गाडीकडे निघाला, थांबला. "त्याचं नाव काय होतं रे पुरं? आमी तं मास्तरच म्हनत होतो."

मी सांगितलं. तुमचं, तुमच्या वडिलांचं, आडनावासकट.

पाटलानं ते दोनदा हळू म्हणून पाहिलं, नीट जमलं की नाही ते बघितलं, आणि आपली गाडी दुसऱ्या मापाऱ्याच्या काट्याकडे वळवली.